गच्चीवरच्या कॅमेऱ्याला नेटवर्क केबलमधूनच वीज : पीओई इंजेक्टर आणि स्विच बसवताना

सोसायटीच्या मागच्या फाटकावर कॅमेरा किंवा गच्चीवर वायफायचा ॲक्सेस पॉइंट लावायचे ठरले, की वायरमन सर्वांत आधी प्लगची जागा विचारतो. पावसात भिजणाऱ्या भिंतीवर २३० व्होल्टचा सॉकेट न्यायचा, त्यासाठी वेगळा पाइप टाकायचा आणि पुढे जून ते सप्टेंबर त्या सॉकेटची काळजी वाहायची, हा व्याप पुण्यात ज्याने एकदा केला आहे त्याला पीओईची, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेटची, सोय वेगळी पटवून द्यावी लागत नाही. या पद्धतीत माहिती वाहून नेणारी इथरनेट केबलच उपकरणाला वीजही पुरवते; केबलमधील विद्युतदाब सुमारे ४८ ते ५६ व्होल्ट आणि एकदिश असतो, त्यामुळे घरगुती विजेचा धोका उघड्या गच्चीपर्यंत जात नाही. गणेशोत्सवात दहा-बारा दिवसांसाठी मांडवाच्या तोंडाशी कॅमेरा लावणाऱ्या मंडळांनाही ही पद्धत सोयीची पडते, ती याच कारणाने.

वीज देणारी पेटी जोडायला दहा मिनिटे पुरतात. त्याआधी लेबले वाचणे, वॉटचे गणित मांडणे आणि केबल तपासणे यांतच खरे काम आहे, आणि नेमके तेच टाळले जाते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष जोडणीपेक्षा आधीच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

इंजेक्टर की स्विच

एकच कॅमेरा किंवा एकच ॲक्सेस पॉइंट चालवायचा असेल, तर इंजेक्टर पुरतो. ही हाताच्या तळव्याएवढी पेटी असते. तिला एका बाजूने घरची वीज मिळते, दुसऱ्या बाजूने राउटरकडून आलेली केबल मिळते, आणि तिसऱ्या तोंडातून माहिती व वीज एकत्र बाहेर पडतात. उपकरणे तीन किंवा त्याहून अधिक असतील, तर तेवढे इंजेक्टर एका पट्टीवर दाटीने लावण्यापेक्षा पीओई स्विच, म्हणजे केबल लावायची अनेक तोंडे (पोर्ट) असलेली आणि त्यांतून माहितीबरोबर वीजही देणारी पेटी, घेणे शहाणपणाचे ठरते. एकच पेटी, एकच प्लग, आणि एखादा कॅमेरा अडकला तर चांगल्या स्विचमध्ये त्या पोर्टची वीज खुर्चीत बसूनच बंद-चालू करता येते. शिडी लावून गच्चीच्या कोपऱ्यापर्यंत चढण्याचा त्रास वाचतो, हा फायदा वय वाढेल तसा अधिक मोलाचा वाटू लागतो. ज्या उपकरणाला पीओई समजतच नाही, उदाहरणार्थ १२ व्होल्टवर चालणारा जुना कॅमेरा, त्याच्या टोकाला स्प्लिटर लावून वीज आणि माहिती पुन्हा वेगळी करता येते.

मानके आणि त्यांमधील फरक

आयईईई या संस्थेने पीओईची मानके ठरवली आहेत. २००३ सालच्या ८०२.३ एएफ या मानकानुसार पुरवठा करणारे उपकरण एका पोर्टवर १५.४ वॉट देते आणि केबलच्या पलीकडच्या टोकाला १२.९५ वॉटची हमी मिळते. २००९ सालच्या ८०२.३ एटी मानकात हेच आकडे अनुक्रमे ३० आणि २५.५ वॉट झाले. बाजारात त्याला पीओई प्लस म्हणतात. २०१८ सालच्या ८०२.३ बीटी मानकात केबलच्या चारही जोड्यांतून वीज नेऊन ६० आणि ९० वॉटपर्यंत मजल गेली. साध्या स्थिर कॅमेऱ्याला पहिले मानक पुरते; फिरणारा कॅमेरा किंवा नव्या पिढीचा ॲक्सेस पॉइंट असेल तर बहुधा दुसरे लागते. नेमके कोणते, हे उपकरणाच्या पाठीमागच्या लेबलवर छापलेले असते, आणि ते भिंतीवर चढवण्यापूर्वी वाचलेले बरे.

पुरवठ्याचा आकडा आणि हमीचा आकडा यांत फरक का, याचे उत्तर केबलमध्ये आहे. एएफ मानकात प्रवाह ०.३५ अँपिअर आणि केबलचा कमाल रोध २० ओम धरला आहे. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की २.४५ वॉट येतात, आणि १५.४ मधून तेवढे वजा केले की १२.९५ उरतात. ही शक्ती केबलमध्येच उष्णतेच्या रूपाने खर्च होते. हे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ त्यातच सापडते.

मानक पाळणारे उपकरण आंधळेपणाने वीज सोडत नाही. ते आधी १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब लावून समोर सुमारे २५ किलोओमचा ओळखरोध आहे का हे तपासते, मग समोरच्याला किती शक्ती हवी त्याचा वर्ग, म्हणजे श्रेणी, विचारते, आणि त्यानंतरच पूर्ण दाब सोडते. चुकून लॅपटॉप जोडला गेला तर त्याला वीज मिळत नाही आणि तो सुरक्षित राहतो. याच कारणाने मोकळ्या पोर्टवर मल्टिमीटर लावून ‘४८ व्होल्ट दिसत नाहीत, पेटी खराब आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे असते. पेटी तपासायची असेल तर तिला चालू स्थितीतील पीओई उपकरण जोडावे.

याउलट ‘पॅसिव्ह पीओई’ या नावाने मिळणारे पुरवठे कोणतीही विचारणा न करता १२, २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ तारेत सोडतात. इंटरनेट पुरवठादारांनी गच्चीवर बसवलेल्या वायरलेस अँटेनांसोबत बरेचदा २४ व्होल्टचा असा पॅसिव्ह पुरवठा येतो. तो त्या अँटेनासाठी योग्यच असतो, परंतु त्याच्या जागी हाताशी असलेला दुसरा कुठला पॅसिव्ह पुरवठा लावला, किंवा तो भलत्याच उपकरणाला जोडला, तर पोर्ट जळू शकतो. पेटीवर ८०२.३ चे मानक लिहिलेले नसेल आणि केवळ ‘पीओई’ एवढेच असेल, तर ती पॅसिव्ह आहे असे समजूनच वागावे.

रात्री बंद पडणारा कॅमेरा

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या सोसायटीतील एका कॅमेऱ्यामुळे. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या इमारतीच्या मागच्या फाटकावर ठेकेदाराने कॅमेरा बसवला. तो दिवसभर उत्तम चाले आणि दिवेलागणीला बंद पडे. पुन्हा सुरू होई, मिनिटभरात पुन्हा बंद पडे. कॅमेरा दोनदा बदलला, तरी परिस्थिती तीच राहिली. शेवटी मी केबल सोडवून एका जोडीची दोन टोके फाटकापाशी एकत्र पिळली आणि कार्यालयातल्या टोकाला मल्टिमीटरने रोध मोजला. केबल चाळीस मीटरची होती. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेत अशा जोडीचा रोध सुमारे ७ ओम यायला हवा होता. तो १६ ओम आला.

केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती, आणि तारही बारीक होती. भरीला वीज देण्यासाठी १२ व्होल्टचा पॅसिव्ह जोड वापरला होता, ज्यात दोन तारा वीज नेतात आणि दोन परत आणतात. त्यामुळे विजेच्या वाटेतला एकूण रोध ८ ओम झाला. १२ व्होल्टच्या उगमातून ८ ओमच्या तारेपलीकडे, काहीही केले तरी, साडेचार वॉटपेक्षा अधिक शक्ती पोहोचूच शकत नाही. दाबाच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागले की हा आकडा मिळतो. दिवसा त्या कॅमेऱ्याला तीनेक वॉट पुरत. अंधार पडताच त्याचे इन्फ्रारेड दिवे लागत, गरज सहा वॉटच्या घरात जाई, आणि कॅमेरा मान टाके. तीच केबल ठेवून ४८ व्होल्टचा पुरवठा केला असता तर ही मर्यादा ७२ वॉटवर गेली असती; पीओईच्या मानकांनी एवढा मोठा दाब का निवडला, हे त्या संध्याकाळी मला खऱ्या अर्थाने समजले. आम्ही पुरवठाही बदलला आणि केबलही.

केबलची खरेदी

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एकाच नावाची, एकाच रंगाची केबल दोन अगदी वेगळ्या किमतींना मिळते, आणि तो फरक बहुधा तांब्याचा असतो. खोक्यावर ‘सीसीए’ ही अक्षरे असतील तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल होय; ती पीओईसाठी घेऊ नये. खोक्यावर काहीच स्पष्ट नसेल, तर दुकानदाराच्या परवानगीने टोकाची एक तार ब्लेडने हलकेच खरवडावी. आतून चंदेरी रंग दिसला तर शंकेला जागा उरत नाही. वजनातही फरक जाणवतो, आणि ॲल्युमिनियमची तार दोन-चारदा वाकवली की मोडते. नेहमीचे पूर्ण खोके ३०५ मीटरचे असते. सोसायटीच्या कामाला तेच घेणे परवडते. कॅट ५ई दर्जाची केबल पुरते, परंतु पीओई प्लस किंवा त्यापुढची उपकरणे लावायची असतील आणि अनेक केबली एका पाइपातून जाणार असतील, तर जाड तारेची कॅट ६ घ्यावी, कारण ती कमी तापते. उन्हात राहणाऱ्या भागासाठी बाहेरच्या वापराचे काळे, अतिनील किरणांना टिकणारे आवरण असलेली केबल हवी. घरातली राखाडी केबल गच्चीवर उन्हाने तडकते आणि मग पाणी आत शिरते.

राउटर किंवा स्विचपासून उपकरणापर्यंतचे अंतर १०० मीटरच्या आत असले पाहिजे. मध्ये इंजेक्टर बसवला म्हणून पुढे पुन्हा १०० मीटर मिळत नाहीत. इंजेक्टर फक्त वीज मिसळतो, संदेश नव्याने तयार करत नाही, त्यामुळे त्याच्या अलीकडची आणि पलीकडची केबल मिळूनच १०० मीटर मोजायचे. इमारतीत मोजमाप करताना सरळ रेषेचे अंतर धरू नये. डक्टमधून खाली, पार्किंगच्या छतावरून आडवे आणि पुन्हा भिंतीवर वर, अशा वाटेने केबल जाते आणि साठ मीटर वाटलेले अंतर नव्वद भरते.

वॉटचे गणित

स्विच घेताना पोर्टची संख्या सगळेच पाहतात, पण एकूण शक्तीची मर्यादा फार थोडे जण पाहतात. आठही पोर्टवर प्रत्येकी ३० वॉट देऊ शकणाऱ्या स्विचची एकूण मर्यादा ६० वॉट असू शकते, आणि यात उत्पादकाने काही लपवलेले नसते. ते माहितीपत्रकात दिलेले असते. समजा, सहा कॅमेरे प्रत्येकी कमाल ७ वॉट घेतात आणि दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १३ वॉट. बेरीज ६८ वॉट होते. त्यावर पाव हिस्सा राखीव धरला की ८५ वॉट, म्हणजे ६० वॉटचा स्विच बाद आणि १२० वॉटचा योग्य. कॅमेऱ्याचा आकडा घेताना रात्रीचे दिवे चालू असतानाचा कमाल आकडाच धरावा. आणखी एक बाब अशी, की काही स्विच प्रत्यक्ष वापराऐवजी उपकरणाने सांगितलेल्या वर्गाप्रमाणे शक्ती राखून ठेवतात. पाच वॉट घेणारा कॅमेरा स्वतःचा वर्ग सांगत नसेल, तर त्याच्यासाठी पूर्ण १५.४ वॉट अडकून पडतात आणि शेवटच्या पोर्टला वीज नाकारली जाते. असे झाल्यास स्विचच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टची कमाल मर्यादा हाताने घालता येते का ते पाहावे, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याला प्राधान्यही तिथेच द्यावे.

कनेक्टर आणि चाचणी

केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर बसवताना दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवावा. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी नसून त्यांच्या मध्ये निळी जोडी येते, हे मुद्दाम केलेले आहे. काही जण लक्षात राहायला सोपे म्हणून जोड्या ओळीने लावतात. साधा दिव्यांचा टेस्टर त्यालाही आठही हिरवे दिवे दाखवतो, पण माहितीचा वेग कोसळतो. तारांची पिळणी कनेक्टरच्या जवळपर्यंत राहू द्यावी आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले जाईल असे पाहावे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. बाहेरच्या कॅमेऱ्यासोबत येणारी जलरोधक टोपी कनेक्टर दाबण्याआधी केबलमध्ये ओवावी लागते. हे विसरून कनेक्टर कापून पुन्हा बसवण्याची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली आहे, की आता ती टोपी मी आधी ओवतो आणि मगच हत्यारांची पिशवी उघडतो.

टेस्टर लावताना केबल स्विचपासून आणि उपकरणापासून सुटलेली असावी. वीज असलेल्या केबलवर लावल्यास टेस्टर जळू शकतो.

प्रत्यक्ष जोडणी

इंजेक्टर हवेशीर, कोरड्या आणि शक्यतो राउटरच्या जवळच्या जागी ठेवावा. आधी राउटरकडची केबल ‘लॅन’ किंवा ‘डेटा इन’ लिहिलेल्या तोंडात लावावी, मग कॅमेऱ्याकडे जाणारी केबल ‘पीओई’ किंवा ‘आउट’ लिहिलेल्या तोंडात लावावी, कॅमेऱ्याकडचे टोकही बसवावे, आणि सर्वांत शेवटी विजेचे बटण चालू करावे. ही दोन तोंडे उलटी लावली जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पुरवठा पॅसिव्ह असेल तर ती राउटरला महागात पडू शकते. कॅमेरा सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट लागतो, तेवढा धीर धरावा. नंतर केबल काढायची झाल्यास आधी वीज बंद करावी, कारण चालू प्रवाहात कनेक्टर ओढला की ठिणगी उडते आणि वारंवार तसे केल्याने पिनांवर खड्डे पडतात.

सुरू झाल्यावर जोडणीचा वेग तपासावा. ॲक्सेस पॉइंट गिगाबिटचा असूनही वेग १०० मेगाबिटवर अडकला असेल, तर इंजेक्टर जुन्या वेगाचा आहे किंवा आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड याच वेळी बदलावा. ‘नंतर बदलू’ म्हटलेला पासवर्ड बदललेला मी तरी पाहिला नाही.

पाऊस आणि वीज

पावसाचे थेंब केबलच्या अंगावरून ओघळत सरळ पेटीत शिरतात, म्हणून भिंतीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये केबल नेहमी खालच्या बाजूने, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या जलरोधक बुचातून) घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टरमध्ये ओलावा शिरला आणि त्यावर एकदिश दाब असला, की पिना फार लवकर गंजतात. कॅमेरा अधूनमधून बंद पडू लागला आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर कारण शोधत बसू नये, कनेक्टर बदलावा. इथरनेटची केबल २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपातून किंवा एकाच केसिंग-कॅपिंगमधून नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

पुण्यात एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात आणि पुन्हा परतीच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक असतो. गच्चीवरच्या केबलसाठी पीओईला चालणारे सर्ज संरक्षक, म्हणजे अचानक उसळलेला दाब जमिनीत वळवणारी उपकरणे, दोन्ही टोकांना लावावे आणि त्यांची अर्थिंगची तार खरोखर इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली आहे याची खात्री करावी. अर्थिंगविना लावलेला संरक्षक केवळ शोभेचा असतो. एका विंगमधून दुसऱ्या विंगमध्ये जायचे असेल, तर तांब्याची केबल नेऊच नये. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असू शकतो, आणि जवळ वीज कोसळल्यास तो फरक केबलच्या वाटेने उपकरणांपर्यंत येतो. तिथे फायबर, म्हणजे वीज न वाहणारी, प्रकाशाने माहिती नेणारी केबल, टाकावी आणि प्रत्येक विंगमध्ये स्वतंत्र पीओई स्विच ठेवावा. खर्च थोडा वाढतो, पण एका वादळात सगळे कॅमेरे गमावण्यापेक्षा तो कमीच आहे.

वीज गेल्यावर

पीओईचा एक लाभ असा, की सगळी उपकरणे एकाच ठिकाणाहून वीज घेतात, त्यामुळे स्विच, राउटर आणि रेकॉर्डर एका यूपीएसवर घेतले की संपूर्ण व्यवस्था चालू राहते. मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ते ८४ वॉट-तास होतात, प्रत्यक्षात त्यांतील निम्मेच हाती लागतात, आणि ७० वॉटच्या भाराला ते अर्ध्या तासापलीकडे फारसे पुरत नाहीत. सोसायटीत लिफ्टसाठी जनित्र असेल, तर ते सुरू होईपर्यंतचा खंड भरून काढायला एवढा यूपीएस उत्तम. जनित्र नसेल आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज तासन्‌तास बंद राहत असेल, तर घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल.

शेवटी, कोणत्या पोर्टवरून कोणता कॅमेरा गेला आहे, त्याची केबल किती मीटरची आहे आणि जोडणीच्या दिवशी एका जोडीचा रोध किती ओम भरला, हे कागदावर लिहून तो कागद स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावा. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, हाच रोध पुन्हा मोजावा. तो दीड-दोन ओमने वाढलेला दिसला, तर आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे बसवावेत, आणि तरीही आकडा उतरला नाही तर केबल कुठे दबली किंवा उंदराने कुरतडली आहे ते डक्टमध्ये शोधावे.